जुनी चकती, जुना संगणक: एक परीक्षण

भाटघरजवळच्या एका शाळेत गेलो असताना तिथल्या सरांनी कपाटातून एक सीडी काढून दाखवली. उबुंटू लिनक्सची १०.०४ ही आवृत्ती, एप्रिल २०१० मधली. त्या काळी अशा सीडी मागणी केल्यावर टपालाने फुकट येत. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. शाळेत ५१२ मेगाबाइट मेमरीचा एक संगणक पडून होता. "जुन्या यंत्राला जुनीच प्रणाली बरी, नाही का?" सरांनी विचारले. हा सल्ला पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो कितपत खरा आहे, हे आम्ही करूनच पाहिले.

प्रथम गुणाची बाजू. प्रणाली विनातक्रार बसली. ओपनऑफिसमध्ये मुलांनी पावसाच्या नोंदींचा तक्ता भरला आणि आलेखही काढला. इंटरनेटची तार जोडलेली नव्हती, तोपर्यंत नाव ठेवायला जागा नव्हती.

तार जोडताच चित्र पालटले. नवे सॉफ्टवेअर कोठून आणायचे, त्या पत्त्यांची यादी प्रणालीत असते. मुदत संपलेल्या आवृत्तीचे सामान नेहमीच्या पत्त्यावरून काढून जुन्यांच्या भांडारात ठेवतात. यादी हाताने दुरुस्त केली, तेव्हा कुठे सामान मिळू लागले. पुढची अडचण फायरफॉक्स ३.६ ची. हा ब्राउझर सुरक्षित संभाषणाची टीएलएस १.० ही जुनी रीतच जाणतो. आजची बहुतेक संकेतस्थळे किमान १.२ मागतात. दोघांची भाषाच जुळत नाही, म्हणून पान उघडत नाही.

पान न उघडणे हा त्रास झाला. धोका वेगळाच आहे. 'डर्टी काऊ' नावाचा दोष लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाला. त्याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकतो. १०.०४ ची डेस्कटॉपसाठीची मुदत २०१३ मध्ये आणि सर्व्हरसाठीची एप्रिल २०१५ मध्ये संपली होती. म्हणजे या दोषावरची दुरुस्ती जुन्या भांडारातही नाही. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा दोष कुठे होता हेही जगाला कळते. दुरुस्ती न मिळालेले यंत्र मात्र तसेच उघडे राहते.

इथे नववीतल्या एका मुलीने नेमका प्रश्न विचारला. "भाटघरचे धरण १९२८ चे. ते अजून चालते, मग ही पंधरा-सोळा वर्षांची प्रणाली का नाही?" उत्तर धरणापाशीच आहे. पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी होते, दरवाजांची देखभाल होते. धरण जुने असले तरी बेवारस नाही. सॉफ्टवेअरची मुदत संपते म्हणजे त्याची राखण करणारा माणूस उठून जातो. शिवाय वेळवंडी नदीचे पाणी शंभर वर्षांपूर्वी होते तसेच आहे. इंटरनेटचे नियम मात्र दर काही वर्षांनी बदलतात.

तेव्हा निर्णय असा. इंटरनेट न जोडता, शिकण्यासाठी म्हणून ही सीडी जरूर बसवावी. काय चालले, काय अडले आणि का अडले, याची वही मुलांनी ठेवावी. प्रात्यक्षिक म्हणून ते उत्तम आहे. पण मुलांचे गुण, पत्ते किंवा शाळेचा ईमेल अशा यंत्रावर ठेवू नये. जुन्या यंत्राला जुनी नव्हे, तर हलकी प्रणाली लागते. डेबियन १२ (२०२३) ही आवृत्ती ३२ बिटच्या संगणकावरही बसते. तिच्यावर एलएक्सडीईसारखा हलका डेस्कटॉप घेता येतो. पुढच्या डेबियन १३ मध्ये (२०२५) ३२ बिटच्या पीसीवर बसवण्याची सोय उरलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कोणतीही सीडी हाती आली की ती चालेल का, हे आपण लगेच विचारतो. तिच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, हे त्याआधी विचारायला हवे.