‘किंगडम कम’ : बाजूला होणाऱ्याची जबाबदारी

मंडळी, आज आपण ‘किंगडम कम’ या ग्राफिक नॉव्हेलकडे एकच प्रश्न घेऊन जाऊ. ज्याच्या हाती ताकद आहे, तो रुसून बाजूला झाला, तर पुढे जे होतं त्याचा दोष त्याच्याकडे येतो का?

डीसी कॉमिक्सने १९९६ साली ही कथा चार अंकांत काढली. लेखन मार्क वेड यांचं, चित्रं ॲलेक्स रॉस यांची. रॉस यांनी प्रत्येक चौकट रंगवून काढली आहे. सुपरहिरोंचे केस पिकलेत, चेहरे थकलेत. त्यामुळे त्यांच्या चुकाही माणसांच्या वाटतात.

कथा अशी. जोकर ‘डेली प्लॅनेट’च्या कचेरीत हत्याकांड करतो, त्यात लोइस लेनही जाते. त्याला खटल्यासाठी आणताना मॅगॉग नावाचा नवा हिरो त्याला ठार मारतो. कोर्ट मॅगॉगला निर्दोष सोडतं, लोकही त्याच्याच बाजूने. सुपरमॅन सगळं सोडून निघून जातो, तो दहा वर्षं.

आता बघा, पद सोडणाऱ्या माणसाचं आपल्याला कौतुक असतं. वेड मात्र या संन्यासाचा हिशेब मागतात. सुपरमॅन ज्या शेतावर राबतो ते खरं नाहीच, होलोग्राम आहे. इकडे मॅगॉगची टोळी कॅन्ससमध्ये पॅरासाइटला घेरते, तो कॅप्टन ॲटमला फाडतो आणि अणुस्फोट होतो. दहा लाख माणसं मरतात, अमेरिकेचं धान्याचं कोठार नासतं. कॅन्ससच्या शेतकऱ्याने वाढवलेला हा मुलगा खोटं शेत कसत राहिला आणि खरी शेतं जळाली. मारणारा मॅगॉगच, पण त्याला अडवू शकणारा माणूस घरी बसला होता.

मग सुपरमॅन परततो. प्रश्न सुटला? नाही. तो ऐकणाऱ्यांना सोबत घेतो आणि न ऐकणाऱ्यांसाठी तुरुंग बांधतो. त्या तुरुंगाचं नावच ‘गुलाग’! आम्हाला इथे कथेचा गाभा दिसतो. जाताना त्याने कुणाला विचारलं नव्हतं, परतल्यावरही विचारत नाही. पळून जाणं आणि हुकूम गाजवणं, दोन्हींत समोरच्याचं मत गैरहजरच.

गुलाग फुटतो, लढाई पेटते, संयुक्त राष्ट्रसंघ अणुबॉम्ब टाकायचं ठरवतो. त्या क्षणी सुपरमॅन पहिल्यांदा निर्णय दुसऱ्यावर सोपवतो. कॅप्टन मार्व्हल हा बिली बॅटसन नावाचा साधा माणूसही आहे. दोन्ही जगांचा असा तोच एक. तो सुपरमॅनला खाली ढकलतो, बॉम्ब हवेतच फोडतो आणि मरतो. थोडे हिरो वाचतात, बरेच मरतात. संतापलेला सुपरमॅन राष्ट्रसंघावर चालून जातो, तेव्हा त्याला थोपवतो नॉर्मन मॅकके, एक म्हातारा पाद्री, ज्याच्याकडे शब्दांखेरीज काहीच नाही.

आमची तक्रार इथेच आहे. लाखो मेले, पण सामान्य माणसाच्या वतीने बोलतो तो एकटा पाद्री. कॅन्ससमधून वाचलेल्या एखाद्या शेतकऱ्याला वेड यांनी बोलतं केलं असतं, तर सुपरमॅनला खरा जाब द्यावा लागला असता.

तरीही पुस्तक वाचावंच. शेवटी सुपरमॅन लोकांच्या डोक्यावर नाही, त्यांच्यात राहायचं ठरवतो. नेतृत्वाची सुरुवात तिथून होते, असं आम्हाला वाटतं.