भूक लागणे आणि अतिखाणे : नैराश्याच्या मापनपट्ट्यांची भाषिक चिकित्सा

नैराश्य या विकाराची तीव्रता वाक्यांवरून मोजली जाते. वैद्य विचारतो, रोगी सांगतो आणि त्या सांगण्याला अंक दिले जातात. औषध लागू पडले की नाही, याचा निर्णयही बव्हंशी या अंकांवरच अवलंबून असतो. तेव्हा मापनपट्टीतील वाक्याची घडण हा एकट्या वैद्यकाचा विषय राहत नाही. भाषेच्या अभ्यासकालाही तेथे बोलण्याचा अधिकार पोहोचतो. नैराश्यविरोधी औषधांचा भुकेवर व वजनावर जो परिणाम होतो, त्याच्या नोंदीत तर ही घडण फारच निर्णायक ठरते.

मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली मापनपट्टी या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्या १७ कलमी रूपात भुकेचा विचार आहे, पण तो एकाच दिशेने : भूक किती मंदावली आणि वजन किती घटले. या दोन कलमांना प्रत्येकी २, आणि झोपेच्या तीन कलमांना मिळून ६ अंक आहेत. माँटगोमेरी व ऑस्बर्ग यांच्या १९७९ च्या पट्टीतही केवळ घटलेली भूकच विचारात घेतली आहे. हॅमिल्टन यांच्यावर याचा दोष सर्वस्वी ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांची पट्टी निदान झालेल्या रोग्यांसाठी होती, आणि तीव्र खिन्नतेत अन्नावरची वासना उडणे, माणूस खंगत जाणे, हे नित्याचेच असते.

तथापि औषधाचे मोल ठरविण्याच्या कामी हीच पट्टी लावली की अडचण उद्भवते. ॲमिट्रिप्टिलीन व मिर्टाझापीन ही औषधे शरीरातील हिस्टामिनचे एच-१ ग्राही अडवतात. त्यामुळे गुंगी येते आणि भूक वाढते. मिर्टाझापीन सेरोटोनिनचे २-सी ग्राहीही अडवते व भुकेला आणखी चालना देते. अशा औषधाने रोगी झोपू लागला, जेवू लागला, तर त्याचे मन होते तेथेच असले तरी अंक उतरतात. उलट, त्याची भूक आवरेनाशी झाली तर पट्टी मूक राहते. ज्याचे वजन पूर्ववत् आहे आणि ज्याचे ते कित्येक किलोंनी वाढले आहे, त्या दोघांनाही तेथे शून्यच अंक मिळतो.

ही उणीव पुढे काही अंशी भरून निघाली. १९८० च्या अमेरिकन निदानसंहितेत भूक व वजन यांच्या घटीबरोबर वाढही लक्षण म्हणून मान्य झाली. बेक यांच्या १९६१ च्या प्रश्नावलीत भुकेच्या घटीचाच प्रश्न होता. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत तो दोन्ही दिशांनी विचारला गेला. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ कलमी पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत एक वेगळाच दोष आढळतो. तिच्या पाचव्या कलमात एका बाजूस भुकेचे उणेपण आहे आणि दुसऱ्या बाजूस अतिखाणे. ही दोन पदे एका जातीची नव्हेत. भूक उणावते ती रोग्याच्या बाबतीत. अतिखाणे रोगी स्वतः करतो. एक अवस्था आहे, दुसरे वर्तन. तराजूच्या एका पारड्यात रोग आणि दुसऱ्यात दोष, असा हा प्रकार झाला.

मराठीला या विषमतेचे कारण पडू नये. ‘रोग्याला भूक लागली’ या वाक्यात क्रियापद भुकेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. रोगी चतुर्थीत, जणू बाजूला, उभा असतो. तहान लागणे, झोप येणे, ताप येणे, ठेच लागणे, ही सारी याच घडणीची वाक्ये होत. ‘रोगी जास्त खातो’ असे म्हणताच तो प्रथमेत येतो, कर्ता होतो आणि कर्तेपणाबरोबर जबाबदारीही त्याच्याकडे येते. ‘वजन वाढले’ आणि ‘वजन वाढवले’ यांतही हेच अंतर आहे. भाषेने हा विवेक आयता पुरविला असताना अनुवादकाने परभाषेतील विषमता जशीच्या तशी उतरवणे हे अनुवादाचे इमान नव्हे.

अर्थात मराठीचा शब्दसंग्रहही याबाबतीत सर्वस्वी निर्दोष नाही. भूक मेली, माणूस खंगला, रोडावला, वाळला, या शब्दांत करुणा आहे. दुखण्यातून उठलेल्याच्या तोंडाला चव आली, त्याने अंग धरले, अन्न अंगी लागले, यांत समाधान आहे. पण त्यापुढे भूक वाढली की अधाशी, खादाड, हावरा असे शब्द सुरू होतात. केवळ ‘भस्म्या’ हा एक जुना शब्द अनिवार भुकेला रोगाच्या कोटीत बसवतो. ‘दुष्परिणाम’ ही संज्ञाही आधीच निवाडा देऊन मोकळी होते. अन्न टाकलेल्या वृद्धाला मिर्टाझापीनने लागणारी भूक उपकारक आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील रोग्याला तीच घातक. ‘आनुषंगिक परिणाम’ ही संज्ञा किंचित जड असली तरी हा निर्णय रोग्यागणिक खुला ठेवते.

परिणाम औषधागणिक किती बदलतो, याची साक्ष अलीकडील संशोधनात मिळते. अमेरिकेतील १,८३,११८ रुग्णांच्या नोंदींवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सर्ट्रालीन घेणाऱ्यांच्या तुलनेने सहा महिन्यांअखेर एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचे वजन सरासरीने ०.४१ किलो आणि पॅरॉक्सेटीन घेणाऱ्यांचे ०.३७ किलो अधिक, तर ब्युप्रोपियॉन घेणाऱ्यांचे ०.२२ किलो कमी भरले. फ्लुओक्सेटीनने आरंभी भूक पुष्कळदा मंदावते. हे फरक सरासरीने लहान आहेत, आणि असा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यावरून कार्यकारणाचा अंतिम निर्णय होत नाही. शिवाय वाढलेले वजन कधी आजारात गमावलेलेच परत आलेले असते. तरीही गोळीच्या नावाबरोबर वजनाचे पारडे हलत असेल, तर सारा भार रोग्याच्या जिभेवर टाकणे सयुक्तिक नाही.

याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. निरुपयोगीपणाची आणि अपराधाची भावना हे नैराश्याचेच लक्षण होय. अशा माणसाला ‘तुम्ही जास्त खाता का?’ असे विचारले तर तो एकतर नाही म्हणतो, किंवा आणखी एक अपराध कबूल करतो. मग घरी जाऊन, कोणालाही न सांगता, तो गोळी बंद करतो. औषध एकाएकी सुटल्याने त्रास होतो आणि विकार उलटण्याचा धोकाही वाढतो. वेळीच सांगितले असते तर मात्रा बदलता आली असती, औषध बदलता आले असते.

वाक्यरचना बदलल्याने भूक शमत नाही, हे खरेच. भूक आणि घास यांच्यामध्ये इच्छेला काही जागा असते, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या इच्छेचा हिशेब मागण्यापूर्वी भुकेची नोंद झाली पाहिजे. मराठी प्रश्नावलीत म्हणून दोन प्रश्न वेगळे असावेत : ‘भूक नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त लागते का?’ आणि ‘हा फरक औषध सुरू होण्यापूर्वीचा की नंतरचा?’ पहिल्यात रोगी चतुर्थीतच राहतो. दुसऱ्यात विकार आणि औषध यांची फारकत होते. या दोन प्रश्नांची उत्तरे लाजेवाचून देता येतात, आणि वैद्याला नेमकी तीच हवी असतात.