वाऱ्यासाठीं घडविलेल्या तीन मोटारी

विक्रीस आली नाहीं ती मोटार फसली, हा समज आम्हांस मान्य नाहीं. इटलींतील बेर्तोने यांच्या कारखान्यानें १९५३, १९५४ व १९५५ सालीं तुरिनच्या प्रदर्शनांत मांडलेल्या 'बॅट' ५, ७ व ९ या तीन गाड्याच पाहा. प्रत्येकीची एकच प्रत झाली. आल्फा रोमेओच्या '१९००' या मोटारीच्या चासीवर फ्रांको स्काल्योने यांनीं त्यांची बॉडी रचिली. हेतु एकच, वाऱ्याचा अवरोध कमी करणें. पहिलीचा अवरोध-गुणांक ०.२३ होता, दुसरीचा ०.१९ वर आला. या दुसरीचे मागील पंख आंत वळून जणूं एकमेकांस भेटूं पाहतात. आकार प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटतो खरा. पण त्यांतील एकहि वळण आम्हांस निव्वळ नटवें दिसत नाहीं. तिसरींत मात्र रस्त्यावरचा सभ्यपणा शिरला. पंख खुजे झाले, तोंडावर आल्फाची ओळखीची जाळी आली, आणि आमच्या मतें तेथेंच कृति उणावली. गिऱ्हाइकाची नुसती चाहूलहि कलेस अशी बाधते! इतकें करूनहि ती विक्रीस निघाली नाहींच. २०२० सालीं तिन्ही गाड्या मिळून लिलावांत सुमारें १ कोटि ४८ लक्ष डॉलरांस गेल्या. स्काल्योने १९९३ सालींच वारले होते, जवळजवळ विस्मृतींत.