कीर्दीत उतरलेली संहिता

'ब्लॉकचेन' या तंत्रासाठी मराठीत 'खतावणी' हा शब्द सहज सुचतो; पण तो नेमका नाही. खतावणीत नोंदी खातेवार लावल्या जातात. कीर्दीत त्या घडल्या क्रमाने उतरतात, आणि उतरलेली ओळ खोडायची नसते. चूक झाली तर दुरुस्तीची नोंद खाली नव्याने करायची असते. असंख्य यंत्रांवर एकाच वेळी राखलेली, प्रत्येक पान मागील पानाशी जखडलेली कीर्द, असे या तंत्राचे वर्णन करता येईल. गेली काही वर्षे मी मालवणात बसून अशा एका कीर्दीत मराठी गद्य लिहीत आलो आहे. त्या लेखनाचे काय झाले याचा विचार करताना 'माध्यम' या सैल संज्ञेपेक्षा ही जुनी व्यापारी संज्ञा मला अधिक उपयोगी पडली.

या लेखनव्यवहाराची घडण प्रथम समजून घ्यावी लागेल. २०१६ साली सुरू झालेल्या 'स्टीम' या साखळीने तिचा नमुना घालून दिला. लेखन साखळीत नोंदले जाते. वाचक त्यास मत देतो. मताचे वजन त्या वाचकाने गुंतवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात ठरते. आणि सात दिवसांनी लेखाचा हिशेब होऊन मोबदला लेखक व मतदाते यांत वाटला जातो. संपादक कोठेही नाही. साभार परत ही संस्थाच येथे संपुष्टात येते.

मराठी लेखकाला याचे आकर्षण का वाटावे, हे सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९८१ पर्यंत रत्नागिरीचा भाग असलेल्या आमच्या जिल्ह्याचा वाङ्मयीन इतिहास हा मुख्यतः गिरगावाकडे निघालेल्या टपालाचा इतिहास आहे. कुडाळात खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची 'शून्य शृंगारते' ही कविता फेब्रुवारी १९५४ च्या 'सत्यकथे'त आली आणि मराठीला आरती प्रभू मिळाले. पुढे खानोलकर स्वतःही मुंबईला गेले. केंद्राने येथे काही दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केंद्र होते, आणि १९६९ साली 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली ती त्याच्याच विरोधात. लघुनियतकालिकांच्या चळवळीने केंद्राचा अभाव आणि लेखकाचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकच मानली. मीही तेच गृहीत धरून या कीर्दीत उतरलो.

हे गृहीतक चुकीचे होते. केंद्र नाहीसे झाल्याने सत्ता नाहीशी होत नाही. ती मोजता येण्याजोगी होते, एवढेच. फेब्रुवारी २०२० मध्ये 'ट्रॉन'च्या जस्टिन सन यांनी 'स्टीमिट' ही कंपनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर नाण्यांचा प्रचंड साठाही त्यांच्या हाती आला. साखळी राखणाऱ्या 'साक्षीदारां'नी तो साठा गोठवला. मार्चमध्ये काही विनिमय-केंद्रांनी ग्राहकांच्या ठेवींच्या बळावर मते टाकून ते साक्षीदारच बदलले. २० मार्च २०२० रोजी विरोधकांनी 'हाइव्ह' नावाची वेगळी साखळी काढली. आमच्या गावऱ्हाटीतल्या बारापाचाच्या मानकऱ्यांचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. पाठचिकित्सकाला मात्र वाटावे: तोवरचे सर्व लेखन दोन्ही साखळ्यांत तसेच राहिले. एकाच संहितेच्या दोन पाठपरंपरा एका दिवसात जन्मल्या, आणि दोहोंपैकी कोणतीही भ्रष्ट नव्हती. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती शुद्ध आणि अशुद्ध यांत निवड करण्याचा अधिकार गृहीत धरून. येथे निवडीला जागाच नाही.

आता माझ्या लेखनाविषयी. माझी पहिली नोंद रापणीवर होती. रापण म्हणजे नुसते जाळे नव्हे. ते ओढणारे रापणकर, त्यांचा संघ, पडलेल्या मासळीचे वाटे, हे सगळे त्या एका शब्दात येते. लेखाला मते जवळजवळ पडली नाहीत, कारण वजनदार मतदाते मराठी वाचणारे नव्हते. मग मी खाली इंग्रजी परिच्छेद जोडू लागलो. त्यात रापणीचे 'किनाऱ्यावरचे जाळे' झाले. हे अपरिहार्य होते आणि मी त्याबद्दल स्वतःला दोष देत नाही. दोष पुढच्या पायरीचा आहे. लेखाच्या दुसऱ्या पाठात 'किनाऱ्यावरचे जाळे' मराठी परिच्छेदातही शिरले. तिसऱ्या पाठात मराठी चार ओळींवर आली आणि वर सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या सूर्यास्ताचे छायाचित्र आले. त्या पाठाला सर्वाधिक मोल मिळाले.

हे मला कोणी करायला लावले नाही. संपादकाने 'रापण' हा शब्द कापला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. येथे भांडायला समोर कोणी नव्हते. एक आकडा होता, आणि आकड्याशी माणूस भांडत नाही, त्याच्याशी जुळवून घेतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून वाचकाला जन्म दिला, त्या वाचकाच्या हाती तराजू असेल असे त्यांनी गृहीत धरले नव्हते.

'विकेंद्रित' म्हणजे हेच असे मानण्याची गरज नाही. दशावताराला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री रंगपटात आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, संवाद रंगमंचावरच सुचतात. प्रेक्षक हसला तर संवाद लांबतो, पेंगला तर पायपेटी आणि मृदंग पुढे सरसावतात. म्हणजे प्रतिसाद येथेही आहे आणि तो निर्दयही असतो. पण तो संहितेत मुरतो आणि पहाटे दहीकाल्याबरोबर विरून जातो. दुसऱ्या गावी तेच आख्यान नव्याने रचावे लागते. कीर्दीत मात्र प्रतिसाद संहितेच्या बाहेर, किंमत म्हणून चिकटतो, आणि संहिता त्या किमतीसह गोठते. पहिल्या व्यवहारात विस्मरण हा निर्मितीचा भाग आहे. दुसऱ्यात त्याला मनाई आहे. (दशावताराचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. मानपानाची उतरंड तेथेही आहे, आणि न लिहिल्यामुळे किती उत्तम नटांची वाणी हरवली याची गणतीच नाही.)

तरीही या मनाईने माझ्यावर एक उपकार केला, हे नोंदवले पाहिजे. शिलाहारकालीन दानलेखांखाली गद्धेगाळ कोरलेला आढळतो: जो हा लेख मोडील त्याला शाप. कीर्दीला शापाची गरज नाही. तिचे रक्षण गणित करते. माझ्याकडे हस्तलिखित असते तर पहिला पाठ मी केव्हाच फाडून टाकला असता आणि 'किनाऱ्यावरचे जाळे' हा माझाच मूळ शब्द, अशी स्वतःची समजूत करून घेतली असती. कीर्दीने ती सोय ठेवली नाही. तिन्ही पाठ तारीखवार तेथे आहेत, आणि कोणत्या आठवड्यात कोणता शब्द गेला हे कोणालाही दाखवता येते. मराठी गद्य आतून कसे आटते याचा इतका तपशीलवार पुरावा मला अन्यत्र मिळाला नसता. तो माझ्याच विरुद्ध जातो, ही गोष्ट निराळी.

गेल्या पावसाळ्यात, रापणी किनाऱ्यावर गुंडाळून ठेवलेल्या असताना, मी चौथा पाठ नोंदवला. छायाचित्र काढले, इंग्रजी परिच्छेद काढला, रापणकरांचे शब्द जागच्या जागी ठेवले. मोबदल्याची मुदत अर्थातच केव्हाच उलटून गेली होती.