कीर्तन नवऱ्याच्या वाट्याला

आपल्यापैकी बऱ्याच जणांना सतीश आळेकर ‘व्हेंटिलेटर’ सिनेमातले नट म्हणून माहीत असतात. मलाही तेवढेच माहीत होते. गेल्या वर्षी आजोबा गेले. विद्युतदाहिनी की लाकडं, यावर स्मशानाच्या दारातच काकांची जुंपली आणि मला हसू फुटलं. त्याची लाज बरेच दिवस पुरली. त्याच दिवसांत ‘महानिर्वाण’ वाचलं.

१९७४चं नाटक. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. जाळायचं तर जुन्याच स्मशानात, हा त्यांचा हट्ट. धावपळ मुलाची, नानाची.

आळेकर बायोकेमिस्ट्रीचे एमएस्सी. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करता करता त्यांनी थिएटर अकॅडमीसाठी नाटकं लिहिली, बसवली, कामंही केली. संहितेत नटाचा कान जाणवतो तो इथे: कीर्तन रंगात आलेलं असताना मध्येच चाळीतलं साधं बोलणं येतं आणि आपण हसता हसता गप्प होतो. माझं हसणं दुःखाबाहेरचं नव्हतं, हे मला तिथे कळलं.

तक्रार एकच. भाऊरावांची बायको रमा. तिचं मन ‘डावीकडून तिसऱ्या’ पुरुषावर जातं, हे लिहायला धाडस लागतं. पण कीर्तन मेलेल्या नवऱ्याच्याच वाट्याला येतं, तिच्या नाही.

आमच्याकडेही लाकडांवरून भांडण झालं, पण आजीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.