६५ चे २३५

मला पिक्चर कळतो तो दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला कळावा तेवढाच. क्यामेरा कुठं लावला, उजेड कसा पाडला, हे मला सांगता येणार नाही. पण पडद्यावरच्या माणसानं कर्ज काढलं की ते किती, कुणाकडनं आणि फेडणार कशातनं, एवढं मी बघत बसतो. बायको म्हणते, तुम्ही पिक्चर बघायला जाता का पाटपाण्याचा हिशेब करायला? पण माझ्याजवळ दुसरं माप नाही. लई गाजलेले पिक्चर ह्या मापात पडतात. जे टिकले त्यातल्या चार-पाचांबद्दल लिहितो.

सगळ्यात आधी ‘दो बिघा जमीन’. हा १९५३ सालचा, बिमल रॉय यांचा. आमच्या जत्रेतल्या तंबूत तो वीस-बावीस वर्षांनी आला, तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. शंभू महातो हा गरीब कुळवाडी, काम बलराज साहनीचं. बंगालचा बिघा म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोन बिघे मिळून सव्वीस-सत्तावीस गुंठे भरतात. एवढ्या रानावर बैलजोडीसुद्धा पोसत नाही. पण ही पट्टी नेमकी ठाकूरच्या जमिनीच्या मधी आलेली, आणि त्याला तिथं कारखाना आणायचाय. शंभू विकायला नाही म्हणतो. मग ठाकूर जुनं कर्ज मागतो. शंभूच्या हिशेबानं ते ६५ रुपये. घरातली भांडीकुंडी, बायकोच्या कानातलं, सगळं मोडून तो ६५ रुपये उभे करतो आणि घेऊन जातो, तर कागदावर आकडा निघतो २३५. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं.

तिथं आमचे आबा उठले आणि तंबूबाहेर गेले. मला वाटलं, येतील. येईनात म्हणून मी बघायला गेलो, तर बैलगाडीच्या जुवाला टेकून विडी ओढत बसलेले.

“पुढं काय झालं रं?”

“कलकत्त्याला गेला. रिक्षा ओढतोय.”

“जमीन गेली?”

“अजून न्हाई.”

“जाईल,” म्हणाले, आणि आत काही आले नाहीत.

आबांचा अंगठा एका सावकाराच्या कागदावर होता, हे मला त्यानंतर दहा वर्षांनी कळलं. ओढ्याकाठची पावणेदोन एकर त्यात गेली. आई म्हणायची, आबांनी घेतलेले पैसे ह्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. म्हणून मी हा पिक्चर पुढं टीव्हीवर, मग मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघितला. दरवेळी तो आकडा आला की छातीत धस्स होतं.

एवढं असूनही त्यातलं एक मला पटत नाही. शहरात गेल्यावर संकटं फार भराभरा येतात. रिक्षाचं चाक निखळतं, पोरगं चोरी करतं, शोधायला आलेली बायको गाडीखाली सापडते. शेतकऱ्याचं वाटोळं एवढ्या घाईनं होत नाही. ते हप्त्याहप्त्यानं होतं, मधी एखादा सण चांगला जातो, एखादं वासरू होतं, माणसाला वाटतं निभावलं. ते मधलं वाटणं पिक्चरात कमी पडलं. पण ती रिक्षाची शर्यत! बसलेला माणूस जादा पैसे कबूल करून आणखी जोरात पळव म्हणतो आणि शंभू जनावरासारखा पळतो. साहनीनं कलकत्त्यात खरोखर रिक्षा ओढायची सवय केली होती म्हणतात. ते त्याच्या पोटऱ्यांत दिसतं.

बिमल रॉय यांना हा पिक्चर सुचला तो ‘बायसिकल थीव्ज’ बघून. १९४८ चा इटलीचा पिक्चर, डी सिका यांचा. नातवानं मोबाईलवर लावून दिला. खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पुढं जायची, मग मी वाचणं सोडून दिलं. काही अडलं नाही. रोम शहरात बेकार माणसाला भिंतीवर कागद चिकटवायचं काम मिळतं, पण सायकल पाहिजे, आणि ती गहाण पडलीय. बायको पलंगावरच्या चादरी काढते आणि गहाण टाकून सायकल सोडवते. त्या दुकानातला माणूस ते गाठोडं ठेवायला फळीवर वर वर चढत जातो, आणि आपल्याला दिसतं, छतापर्यंत दुसऱ्यांच्या चादरी रचलेल्या. अख्ख्या गावाचं कर्ज एका फळीवर. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग बाप-लेक ती शोधत हिंडतात. मधी दोघं खानावळीत जातात, बाप पोराला जेवू घालतो, आणि तिथंच कागद घेऊन पोराला हिशेब मांडायला लावतो की पगार किती आला असता. हातात नसलेल्या पैशाचा हिशेब! उसाचं बिल यायच्या आधी आमच्या घरोघर हेच चालतं.

‘शोले’बद्दल लिहिलं नाही तर माणसं रागावतील. मी तो सात वेळा बघितलाय आणि आठव्यांदाही बघीन. पण गब्बरची माणसं धान्य न्यायला येतात, ते धान्य पेरलं कुणी, काढलं कुणी, हे काही माझ्या डोळ्यापुढं येत नाही. असो. धर्मेंद्र टाकीवर चढला की मी पण हिशेब विसरतो.

‘मंथन’चं मात्र सांगायला पाहिजे. १९७६ चा, श्याम बेनेगल यांचा. गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन तो काढला, म्हणजे दहा लाख झाले. आपला पिक्चर आपण पैसे घालून काढायचा, ही गोष्टच मला पिक्चरएवढी मोठी वाटते. डॉक्टर राव (गिरीश कार्नाड) गावात येऊन दुधाचं फॅट तपासतो आणि खासगी डेअरीवाला मिश्रा लोकांना किती लुटतो ते उघडं पडतं. आमच्याकडं मीही पंचवीस वर्षं कॅन घेऊन रांगेत उभा राहिलोय. म्हैस तीच, पेंड तीच, आणि एका संकलन केंद्रावर फॅट ६.८ वरनं एकदम ५.९ लागायचं. विचारलं तर “मशीनला विचारा.” म्हणून रावनं नमुन्याची बाटली उचलली की मी सरसावून बसतो.

ह्यातलं खरं काम स्मिता पाटीलचं आणि नसीरुद्दीन शाहचं. शहाणा डॉक्टर बाहेरनं येतो, चांगलं करतो आणि बदली होऊन निघून जातो. बिंदूला कुठं बदली मिळणार? न वाचलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतात, तिथं मला पुन्हा आबा आठवले. आणि सोसायटी शेवटी पुढं नेतो तो नसीरचा भोळा, ज्याचा सुरुवातीला कुणावरच विश्वास नसतो. बेनेगलांनी शेवट डॉक्टरच्या हातात दिला नाही, हे त्यांचं शेतकऱ्यांवर उपकारच म्हणायचे.

भुताच्या पिक्चरांना मी जात नाही. ‘तुंबाड’ला (२०१८) पोरानं बळंच नेलं. त्यातला हस्तर हा सगळ्या सोन्याचा मालक, पण त्याला अन्न नाही. कणकेची बाहुली टाकली की तो भुकेनं तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्यात विनायकरावानं त्याच्याकडनं मोहरा काढून घ्यायच्या. सोनं मोप आणि पोटात दाणा नाही, असं भूत मी पहिल्यांदा बघितलं. थेटरात लोक किंचाळत होते. मी मात्र मुठीत कणीक घेऊन तिची किंमत काय, ते बघत होतो.

शेवटी ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा, २०१४ ला लागला. लोक त्याला प्रेमाचा पिक्चर म्हणतात, आणि जब्याचं शालूवर मन आहे हे खरंय. पण मी बघितलं ते असं: जब्याला जीन पँट पाहिजे, त्यासाठी तो बर्फाच्या कांड्या विकायला तालुक्याला जातो, आणि ट्रकखाली सायकल चिरडते. सायकल उसनी आणलेली. पोरगं रडतं. किती रुपयांची पँट आणि किती रुपयांची सायकल, हे त्या वयातल्या पोराला कळतं म्हणूनच ते रडतं. पुढं जत्रेच्या पायी बापाला डुकरं धरायचं काम मिळतं. घरात पोरीचं लग्न, त्याला पैसा पाहिजे. सगळं कुटुंब डुकरामागं पळतं आणि गाव बसून हसतं. मंजुळे यांनी ते काम घाईनं उरकलं नाही. पळणं, जाळं, चिखल, दम लागणं, सगळं पुरतं दाखवलं, एवढं की थेटरात सुरुवातीला हसणारे आमच्या रांगेतले दोघं-तिघं गप्प झाले. मधी शाळेत राष्ट्रगीत लागतं, ही माणसं जागेवर ताठ उभी राहतात आणि डुक्कर त्यांच्यासमोरनं निघून जातं.

शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या तोंडावर येतो. आमच्या पुढच्या खुर्चीतल्या पाटलांनी मान बाजूला घेतली. मी पण घेतली.