पुस्तकात नसलेली ‘विच्छा’

आमचे मामा पनवेलच्या लाइन आळीतले. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी मनापासून मोजल्या: एस.टी. कंडक्टरने परत दिलेली चिल्लर आणि ‘विच्छा माझी पुरी करा’चे आपण पाहिलेले प्रयोग. चिल्लर कधी चुकली नाही. प्रयोगांचा आकडा मात्र दर गणपतीत वाढायचा. दादा कोंडके सिनेमात रमल्यावरही वाढायचा! जेवणं आटोपली की मामा ओट्यावर दादांचा हवालदार करून दाखवायचे. अंगात गंजीफ्रॉक, पण ऐट अशी की नाक्यावरच्या खऱ्या हवालदाराने सलाम ठोकावा.

कॉलेजात मला समीक्षेची बाधा झाली. वसंत सबनिसांचं पुस्तक मिळवून, हातात पेन्सिल घेऊन मी मामांचे विनोद तपासले. निम्मे पुस्तकात नव्हतेच!

“मामा, हे तुम्ही पदरचं घालता,” मी चारचौघांत जाहीर केलं.

“अरे, ह्या कानांनी ऐकलंय!”

“मग पुस्तकात कुठंय?”

मामा गप्प झाले. पुढच्या गणपतीत हवालदार काही ओट्यावर आला नाही.

अक्कल मागाहून आली. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या ह्या लोकनाट्याच्या संहितेचं मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. घाट तमाशाचा: गण, गवळण, बतावणी आणि वग. ह्या घाटात नटासाठी जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. सकाळच्या पेपरातला मंत्री रात्री तिथे येऊन बसायचा आणि उद्या शिळा व्हायचा. प्रयोग झाले दीड हजारांवर आणि पुस्तक एक! मी पंचांग उघडून पाऊस शोधत होतो.

म्हणून सगळं श्रेय दादांच्या हजरजबाबीपणाला देणाऱ्यांशीही माझं जमत नाही. लायक हवालदार राहतो बाजूला, कोतवालाची खुर्ची भलत्यालाच मिळते. मग मैनावतीच्या नादाने तो कोतवाल थेट राजाच्या पलंगालाच हात घालतो. हा कणा सबनिसांचा. तो ताठ होता म्हणून दादांना त्यावर रोज नवी कोलांटी मारता आली. खुर्ची आजही भलत्यालाच मिळते, त्यामुळे वग अजून म्हातारा झालेला नाही.

प्रयोग पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांसाठी शब्द टाकला, १९६९ साली ‘तांबडी माती’ आला, १९७१ साली सबनिसांनीच लिहिलेला ‘सोंगाड्या’. सिनेमाची रिळं राहिली, त्यामुळे पुढच्या पिढीला दादा म्हणजे द्व्यर्थी संवाद एवढंच ठाऊक. सत्तेला रोज ताजा चिमटा काढणारा हवालदार मात्र रिळावर नव्हता. अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या मंडळींना बोलतं करून २००२ साली जाडजूड पुस्तक निघालं. आपल्याकडे दादांचं ‘एकटा जीव’ आहे, राम नगरकरांची ‘रामनगरी’ आहे. बाकीचा इतिहास अशाच ओट्यांवर होता. त्यातला एक ओटा मी पेन्सिलीने बंद पाडला.

मामा गेले. परवा गणपतीत त्याच ओट्यावर मी त्यांचा हवालदार करून दाखवला. मामांचा नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

“काका, हे इंटरनेटवर कुठंच नाहीये. तुम्ही पदरचं घालताय.”

मी गप्प बसलो नाही. म्हटलं, “मोबाइल ठेव खाली, आणि पुन्हा बघ.”